रंकाळ्याचा चित्रकार

राजा रविवर्मा यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांची चित्रे छापखान्यात छापली गेली आणि घरोघरी भिंतींवर लागली. परंतु तळी, झाडे आणि गावाबाहेरच्या वाटा रंगवणाऱ्या चित्रकारांची नावे फार थोड्यांना माहीत असतात. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे अशाच चित्रकारांपैकी एक होत.

त्यांचे मूळ नाव अब्दुल अझीज. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची व त्या नक्षीने सजवण्याची परंपरा होती. तुम्ही उर्दू शिकता, त्यामुळे खुशखत म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. चांगला कातिब जेवढे लक्ष अक्षराच्या वळणाकडे देतो, तेवढेच दोन अक्षरांमधील मोकळ्या जागेकडे देतो. कागद कोठे कोरा ठेवावा, हे त्याला कळावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. ही कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तेथे युरोपीय पद्धतीने रेखांकन व रंगकाम शिकवले जाई. शिक्षण झाल्यावर ते मुंबईत राहिले असते, तर कदाचित मोठे नाव व पैसा मिळाला असता. परंतु ते कोल्हापूरला परतले. १८९४ साली गादीवर आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. रंकाळा, कोटितीर्थ आणि आसपासचा परिसर हीच आबालाल यांची खरी शाळा झाली. त्याच त्या जागी ते पुन्हा पुन्हा जात आणि चित्रे काढत.

तुम्ही विचाराल, एकच तळे पुन्हा पुन्हा का रंगवायचे? याचे उत्तर सोपे आहे. तळे एकच असले, तरी प्रकाश एक नसतो. सकाळी पाणी रुपेरी दिसते, दुपारी ते डोळे दिपवते आणि मगरिबच्या सुमारास त्यात तांबूस रंग उतरतो. निसर्गचित्रकार केवळ तळे रंगवत नाही, तर त्या घटकेचा प्रकाश रंगवतो.

रंकाळ्यात संध्यामठ नावाची दगडी खांबांची जुनी इमारत आहे. तळे भरले की तिचा बराचसा भाग पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की ती पुन्हा दिसू लागते. आबालाल यांचे संध्यामठाचे चित्र प्रसिद्ध आहे.

आता असे चित्र पाहायचे कसे? आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, "हुबेहूब आहे का?" परंतु हुबेहूब चित्र तर कॅमेराही देतो. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, प्रकाश कोणत्या बाजूने येत आहे? सावल्या पाहिल्या की ते कळते. सावली केवळ काळी आहे, की तिच्यात निळा, जांभळा रंग मिसळला आहे, तेही पाहा.

दुसरी गोष्ट, जवळचे आणि दूरचे यांत काय फरक केला आहे? दूरचे डोंगर आपल्याला निळसर व फिकट दिसतात, कारण आपल्या व त्यांच्या मध्ये पुष्कळ हवा असते. चित्रकार हे जाणतो. म्हणून जवळची झाडे तो गडद व स्पष्ट काढतो आणि दूरची झाडे फिकट ठेवतो. सपाट कागदावर मैलभर अंतर दिसते, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट, चित्र जलरंगातील असेल, तर कागद कोठे कोरा सोडला आहे? पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. पाण्यावरची चमक म्हणजे न रंगवलेला कागदच असतो. एकदा रंग लागला की तो पूर्णपणे पुसता येत नाही. कातिबाप्रमाणे येथेही मोकळ्या जागेची जाण लागते.

मग असा चित्रकार अल्पपरिचित का राहिला? १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली बहुतेक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तेही गेले. त्यांची थोडीच चित्रे आज शिल्लक आहेत. शिवाय कागदावरचे जलरंग नाजूक असतात. ऊन लागले तर ते उडतात, ओल लागली तर कागदाला बुरशी येते. म्हणजे नाव मोठे नसले, तर काम लहान होते असे समजू नये. कधी कधी काम टिकत नाही, म्हणून नावही मागे पडते.

अशा चित्रांचा आणखी एक उपयोग आहे. रंकाळ्याच्या काठावर आज शालिनी पॅलेस दिसतो. तो १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. आबालाल यांनी पाहिलेला काठ त्याच्या आधीचा होता. तो पाहायचा असेल, तर त्यांच्या चित्रांकडेच जावे लागते.

कोल्हापूरला गेलात, तर टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आबालाल यांची चित्रे अवश्य पाहा. एकेका चित्रापुढे निदान पाच मिनिटे उभे राहा. जाता येणार नसेल, तर आपल्या गावातील विहीर, नदीचा घाट किंवा मशिदीचा हौज निवडा. एकाच दिवशी सकाळी, दुपारी व सायंकाळी तेथे जा आणि पाण्याचे रंग वहीत लिहून ठेवा. तीनही नोंदी वेगळ्या निघतील. आणि यापुढे कोठेही निसर्गचित्र दिसले, तर त्याच्या कोपऱ्यात लिहिलेले नाव वाचायला विसरू नका.