लेखणीचे बळी

तलवार उपसणाऱ्याचा हात रक्ताने माखतो, म्हणून तो ओळखू येतो. हुकूम लिहिणाऱ्याच्या बोटांना लागते ती केवळ शाई. १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयात आइकमन उभा राहिला, तेव्हा आपण स्वतः कोणासही मारले नाही, असा त्याचा बचाव होता. माणसांनी भरलेल्या गाड्या ठरल्या वेळी सुटतील अशी व्यवस्था करणे, एवढेच त्याचे काम. जर्मन रेल्वेचे कारकून त्या प्रवासाची भाडेआकारणी करीत : तिसरा वर्ग, एकेरी, चारशे माणसे असल्यास अर्धा दर. साठ लाख ज्यूंचा संहार अशा नेटक्या हिशेबावाचून होणे शक्य नव्हते.

हे दूर युरोपात घडले, साताऱ्या-सांगलीचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कागदावर माणसे मारण्याची विद्या आपल्या भूमीनेही भोगली आहे.

१८७६ साली पाऊस फसला. खानापूर, तासगाव, वाळवे हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. माण, खटाव, खानापूर या पूर्वेकडच्या कोरड्या भागात पीक हाती आले नाही आणि माणसे सरकारी कामांवर खडी फोडू लागली. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लिटन यांनी व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञी घोषित करण्यासाठी दिल्लीत दरबार भरविला होता. खर्चास आळा घालण्याचे काम सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे आले आणि कष्टकरी पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य व वर काही पैसे इतकी खाली आली. एक पौंड म्हणजे अर्धा शेरही नव्हे!

या टेंपलसाहेबांचा पूर्वेतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनीच ब्रह्मदेशातून तांदूळ आणून असंख्य प्राण वाचविले होते. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळेपणाचा ठपका त्यांच्या माथी आला. प्राण वाचविणे हा दोष आणि पैसा वाचविणे हा गुण, हा धडा ते तेथे शिकले. १८७७ मध्ये तेच मुंबईचे गव्हर्नर झाले.

मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस जगू शकत नाही, असे सरकारास स्पष्ट लिहिले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. साताऱ्यात जन्मलेले गणेश वासुदेव जोशी ज्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्राण होते, तिने अर्जांमागून अर्ज केले. अर्थात, ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय कोणास उरली नव्हती. तरीही धान्याची निर्यात चालूच राहिली. त्या दुष्काळात देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे.

या दोन गोष्टी आम्ही एका तागडीत घालीत नाही. नाझींस माणसे मारावयाचीच होती. लिटनच्या सरकारास पैसा वाचवावयाचा होता. तथापि यंत्र एकच. काम अनेक टेबलांवर वाटले जाते, प्रत्येकाच्या वाट्यास पापाचा एवढासा तुकडा येतो, माणसाचा आकडा होतो आणि सही करणाऱ्यास मरणाऱ्याचा चेहरा कधी दिसत नाही. दुष्टपणा मूठभरांचा असतो. त्याला बळ मिळते ते अनेकांच्या आज्ञाधारकपणाने.

यावरचा उताराही याच भागाने दिला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना तिने काम दिले. टेंपल-मजुरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. साहेबाच्या मर्जीवरची भाकरी तेथे मजुराचा हक्क झाली.

पण हक्क कागदावर असतो आणि कागद अखेर कचेरीत असतो. आज यादीतून नाव गाळण्यास शाईही लागत नाही. यंत्राची कळ दाबली की पुरे. म्हणून आमचे म्हणणे इतकेच : कोणाचे धान्य, पाणी वा काम तोडणारा प्रत्येक हुकूम नावानिशी निघावा आणि तो काढणाऱ्याने ज्यांचा घास तुटला त्यांच्या गावी जाऊन तो स्वतः वाचून दाखवावा. जो हुकूम त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडवून वाचता येत नाही, त्यावर सही करू नये.