सुई टोचल्यानंतरचे दोन तास

मेहरूणच्या बोरांची गोडी जळगावकरांना ठाऊक आहे, तसे बोरीचे काटेही. काटा बोटात गेला की काढायचा, बोट पिळायचं, नाहीतर सरळ तोंडात घालायचं, हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. हेच पोर पुढे नर्सिंग करतं, लॅबमध्ये लागतं किंवा एखाद्या दवाखान्यात कम्पाउंडर होतं. मग एके दिवशी रुग्णाच्या रक्ताची सुई बोटात जाते आणि हात जुन्याच सवयीने वागतो. इथे मात्र तसं वागायचं नसतं.

जखम पिळू नये, चोखू नये, तिच्यावर स्पिरिट ओतू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. रक्त डोळ्यात उडालं असेल तर डोळा नुसत्या पाण्याने भरपूर धुवावा. हातातलं काम दुसऱ्याकडे द्यावं आणि लगेच वरिष्ठांना सांगावं. यातलं सांगणंच सगळ्यांत जड जातं. रात्रपाळीला एकटी असलेली, कंत्राटावर लागलेली सिस्टर मनात म्हणते, आता डॉक्टरांना उठवलं तर रागावतील, माझाच निष्काळजीपणा काढतील. रक्त तपासलं आणि काही निघालं तर? घरी काय सांगू, लग्नाचं काय होईल? मग ती बोटाला चिकटपट्टी लावते आणि पुढच्या रुग्णाचं सलाईन जोडते. माझ्या मते सुईपेक्षा हे गप्प राहणं अधिक घातक आहे, आणि त्याचा दोष तिच्यावर टाकता येत नाही. सांगणाऱ्याला आधी बोलणी खावी लागतात अशा ठिकाणी कुणीच सांगत नाही.

भीती खरी किती, तेही पाहू. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सी ची त्याहून जास्त, जुन्या अंदाजांनुसार पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. हिपॅटायटिस बी ची मात्र, लस घेतलेली नसेल तर, 6 ते 30 टक्के. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. लोक घाबरतात एचआयव्हीला, पण दवाखान्यात काम करणाऱ्याला जास्त धोका काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिसचा आहे.

टोचण्या-कापण्याने डॉक्टर दगावल्याच्या गोष्टी या विषाणूंची नावं पडण्याआधीच्या आहेत. 1847 मध्ये व्हिएन्नात याकोब कोलेच्का या प्राध्यापकांना शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागली आणि ते जंतुसंसर्गाने गेले. त्यांच्या मृत्यूवरूनच डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांना बाळंतिणींच्या तापाचं कारण उमगलं आणि त्यांनी हात धुण्याचा आग्रह धरला. आपल्या अधिक जवळचं उदाहरण चीनमधलं. तिथल्या युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करताना कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं बोट कापलं आणि नोव्हेंबर 1939 मध्ये रक्तात विष भिनून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची सूत्रं 1941 मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी हाती घेतली. कोटणीसांवरचा शांतारामबापूंचा चित्रपट आपल्याला आठवतो, ते रुग्णालय बेथ्यून यांच्या नावाने का होतं हे सहसा कुणी सांगत नाही.

बेथ्यून यांच्याकडे प्रतिजैविकं नव्हती. आपल्याकडे काय नाही? हिपॅटायटिस बी ची लस आहे. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती भारतात तयार केली आणि तिची किंमत आवाक्यात आली. तीन डोस घ्यायचे: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडं मोजायची. आकडा 10 किंवा त्याहून वर असला की संरक्षण मिळालं. ही शेवटची तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि लस आपल्याला लागू पडली की नाही हे त्यांना कधी कळतच नाही. सरकारी लसीकरणात ही लस देशभर 2011 मध्ये आली. आज नर्सिंग शिकणाऱ्या विशीच्या मुली त्याआधी जन्मलेल्या. लहानपणी सगळ्या लशी झाल्यात, एवढ्यावर त्यांनी विसंबून राहू नये. लस घेतलेलीच नसेल आणि सुई टोचली, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही घ्यावं लागतं, शक्यतो 24 तासांच्या आत.

हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण वेळेवर कळला तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या मोफत आहेत. एचआयव्हीसाठी 28 दिवसांची प्रतिबंधक औषधं आहेत. ती शक्यतो दोन तासांत सुरू करावीत. 72 तास उलटल्यावर त्यांचा उपयोग नाही. अशी औषधं आणि सुरक्षित कामाची सोय कर्मचाऱ्याला देणं संस्थेवर बंधनकारक आहे, असं 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. म्हणजे सिस्टरने मागायचा तो हक्क आहे, उपकार नव्हे.

मेहरूणमधल्या एखाद्या छोट्या रुग्णालयातून जळगावचं शासकीय रुग्णालय जवळ आहे. यावल-चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रात टोचलं, तर प्रवासाचा वेळ त्या दोन तासांतूनच वजा होतो. म्हणून कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, रात्री औषधाचा पहिला डोस कोण देणार, हे टोचण्याआधीच भिंतीवर लिहिलेलं असायला हवं.

टोचतं कधी? पुष्कळदा इंजेक्शन देऊन झाल्यावर, सुईला पुन्हा टोपण घालताना. टोपण घालूच नये. सुई जागच्या जागी कटरने कापावी आणि पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात टाकावी. हा डबा खाटेजवळ हवा, कॉरिडॉरच्या टोकाला नको, आणि तीन-चतुर्थांश भरला की बंद करायला हवा. तसं झालं नाही तर सुई गादीवर, चादरीत, काळ्या पिशवीत जाते, आणि ती टोचते वॉर्डातल्या मावशीला किंवा मामाला. आपल्याला कुठल्या रुग्णाची सुई लागली, हेही मग त्यांना कळत नाही. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या म्हणतात. ही यादी करताना मावशी-मामांची नावं आधी लिहावीत, असं मला मनापासून वाटतं.

कचऱ्यात गेलेली सुई किती दूर जाऊ शकते, हे 2009 मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासाला दिसलं. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस बी ची साथ पसरून अनेकांचा जीव गेला.

आता आपल्या घरातल्या सुयांविषयी. इन्सुलिन घेणारं माणूस आज कितीतरी घरांत आहे, आणि त्याची सुई भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत जाते. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी वापरलेली सुई हा घरगुती घातक कचरा ठरवला. तो वेगळा ठेवायचा असतो. फिनाईलची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली त्याला पुरते. सुया तिच्यात टाकाव्यात, भरत आली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी मारावी, मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असं लिहावं. नेहमीचे डॉक्टर आपल्या पांढऱ्या डब्याबरोबर ती घेतील का, हे एकदा विचारून बघावं. ते शक्य नसेल तर बाटली इतर कचऱ्यात न मिसळता घंटागाडीवरच्या ताईच्या किंवा भाऊच्या हातात द्यावी आणि आत काय आहे ते तोंडानेही सांगावं.