बंद दाराआडचा रुग्ण

विलगीकरणामुळे रुग्णाला इजा होते का? हा प्रश्न टोरांटो आणि बोस्टनमधल्या दोन मोठ्या अध्यापन रुग्णालयांच्या नोंदी घेऊन हेन्री थॉमस स्टेलफॉक्स, डेव्हिड बेट्स आणि डोनाल्ड रीडेलमायर यांनी तपासला. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या ‘एमआरएसए’ जंतूमुळे वेगळे ठेवलेले १५० रुग्ण एका बाजूला आणि त्यांच्याशी ताडून निवडलेले, पण साध्या वॉर्डातले ३०० रुग्ण दुसऱ्या बाजूला. २००३ साली ‘जामा’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. टाळता येण्याजोग्या इजा साध्या वॉर्डात दर हजार रुग्ण-दिवसांमागे ३ होत्या, विलगीकरणात २०. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. टाळता न येणाऱ्या इजाही दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या. म्हणजे फरक आजाराचा नव्हता, देखभालीचा होता.

या इजा कसल्या? खाटेवरून पडणं, पाठीला जखमा होणं, शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडणं. ज्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळही लिहिली नाही, असे दिवस विलगीकरणात दुपटीने जास्त निघाले. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधण्याआधी काम कसं चालतं ते पाहावं. आत जायचं तर हात धुऊन गाऊन, मास्क, हातमोजे चढवायचे. बाहेर येताना सगळं क्रमाने उतरवायचं. वॉर्डात पंधरा रुग्ण असलेली सिस्टर मग चार कामं साठवून एकदाच आत जाते. राउंडला डॉक्टर दारातूनच विचारपूस करतात. वॉर्डातून येता-जाता सहज पडणारी नजर इथे पडतच नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक तोटा होतो. पाणी पाजणं, कूस बदलणं, सलाईन संपल्याचं ओरडून सांगणं ही कामं आपल्या सरकारी रुग्णालयांत बहुतेकदा नातेवाईक करतात. साथीत त्यांना बाहेर काढलं जातं आणि त्यांचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या वृद्ध कोविड रुग्ण महिलेचा मृतदेह अनेक दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. ही बातमी आपण विसरता कामा नये.

तरीही विलगीकरण सोडून चालणार नाही. २००३च्या सार्स साथीत टोरांटोची रुग्णालयंच संसर्गाची केंद्रं बनली होती. सार्सचा रुग्ण लक्षणं दिसू लागल्यानंतर, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, सर्वाधिक संसर्ग पसरवत असे. म्हणूनच रुग्ण वेळीच वेगळे केल्यावर ती साथ आवरता आली.

मार्ग कुठे आहे, याचा एक धागा अमेरिकेतल्या २० अतिदक्षता विभागांत झालेल्या प्रयोगात सापडतो. तिथल्या निम्म्या विभागांत प्रत्येक रुग्णाजवळ जाताना गाऊन आणि हातमोजे सक्तीचे केले. उरलेल्या विभागांत कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या तासाला ५.२४ होत्या, सक्तीच्या विभागांत ४.२८, पण तिथे इजा वाढल्या नाहीत. माझ्या मते याचं कारण मनुष्यबळ हेच असावं. अतिदक्षता विभागात फेरी कमी झाली तरी नजर उरते. साध्या विलगीकरण वॉर्डात ती उरत नाही. म्हणून साथीची तयारी करताना खाटा मोजण्याआधी सिस्टर आणि मावशी मोजाव्यात, गाऊन चढवण्या-उतरवण्याचा वेळ धरून. दाराला काच असावी, रुग्णाच्या हाताशी चालू असलेली घंटा असावी, एका नातेवाइकाला साधनं देऊन आत सोडण्याची सोय असावी. आणि विलगीकरण कधी उठवायचं, ती फेरतपासणीची तारीख पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिलेली असावी.