आंबोलीचे डोंगरी वन आणि ग्रामपंचायतीचे कर्तव्य

सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात आंबोली हे गाव वसले आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढे पाणी उघड्या डोंगरावर पडले असते तर त्याने माती धुऊन नेली असती आणि शिमगा येण्यापूर्वीच झरे आटले असते. तसे होत नाही, याचे श्रेय अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा इत्यादी वृक्षांच्या सदाहरित व निमसदाहरित वनास आहे. पानांचा थर पावसाचा मारा झेलतो, मुळे माती धरून ठेवतात आणि मुरलेले पाणी सावकाश झऱ्यांवाटे बाहेर पडते.

याच वनात हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. ती पूर्वेस आजरा व गडहिंग्लज या तालुक्यांतून वाहत जाऊन पुढे कर्नाटकात घटप्रभेस मिळते. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ भात सर्वांच्या परिचयाचा आहे. तेव्हा आंबोलीचे वन हा केवळ आंबोलीकरांचा प्रश्न नसून, खालच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या शेतीशीही त्याचा संबंध आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

एका कुंडातील मासा

हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवालय असून जवळच पाण्याचे कुंड आहे. या ठिकाणी जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे व शंकर बालसुब्रमण्यन या अभ्यासकांनी गोड्या पाण्यातील एका लहान माशाची नवी जाती शोधून काढली आणि २०२० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव देण्यात आले. अशा जातीचा वावर फार थोड्या जागेपुरता असतो. एखाद्या वर्षी कोणी पाण्यात विष कालवले किंवा उगमावरील झाडी तोडली, तर ती कायमची नष्ट होण्याचे भय असते. म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली येथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

आंबोलीची संपत्ती एवढ्यावर संपत नाही. २००९ साली वर्णन झालेला आंबोली भेक हा या परिसरातच आढळतो. पहिल्या पावसात कातळाच्या सड्यावर जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. सडा पडीक दिसतो म्हणून तो निरुपयोगी समजू नये. तेथील डबकी बुजविणे, दगड काढणे वा सड्यावरून वाहने फिरविणे यांमुळे या प्राण्याची एका वर्षाची वीणच नाहीशी होऊ शकते.

कायद्याने दिलेला अधिकार

वनरक्षण हे वनखात्याचेच काम, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ यातील कलम ४१ अन्वये स्थानिक संस्थेने आपल्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. कलम ३७ अन्वये राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वारसा स्थळ घोषित करते. म्हणजे गावाचा शब्द येथे आरंभीच विचारात घ्यावयाचा आहे.

प्रत्यक्षात पुष्कळ गावी ही समिती बराच काळ कागदावरही नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यास दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा या कामास वेग आला. परंतु घाईने झालेल्या समितीची बैठक कधीच भरत नसेल, तर तिचा गावास काय उपयोग?

याउलट, गावाने मनावर घेतले तर काय घडते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांच्या ग्रामसभांनी, खाणींचे संकट समोर असता, आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावा असे ठराव केले. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०११ सालच्या अहवालात त्यांची दखल घेतली गेली. पुढे २०२१ साली आंबोली–दोडामार्ग पट्ट्यातील ५६.९२ चौरस किलोमीटर वनास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

शेतकऱ्यांची शंका

'वारसा स्थळ झाले की गुरे चारणे, सरपण आणणे बंद होईल' अशी धास्ती शेतकऱ्यांस वाटते, आणि ती अकारण आहे असे म्हणता येणार नाही. डोंगरातील शेतकऱ्याचे सरपण, चारा व राब हे सारे वनातूनच येते. गव्यांनी भात, नाचणी वा ऊस तुडविला की नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, वारसा स्थळांविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, गावकऱ्यांनी स्वेच्छेने ठरविलेल्या बंधनांखेरीज त्यांच्या चालू वहिवाटीवर बंधने येऊ नयेत असे धोरण आहे. दुसरी, पीकनुकसानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळते. मात्र त्यासाठी वनखात्यास विनाविलंब कळवून पंचनामा करून घेणे अवश्य आहे.

गावाने हाती घ्यावयाची कामे

१. लोक जैवविविधता नोंदवही : गावातील वृक्ष, औषधी वनस्पती, मासे, पक्षी, गवते यांबरोबरच भात व नाचणीचे जुने वाण, ते कोणाकडे आहेत व केव्हा पेरतात, हे लिहून ठेवावे. वृद्ध स्त्रीपुरुष, गुराखी व वैदू यांस विचारावे. हे ज्ञान त्यांच्याबरोबरच लोपण्याचा धोका आहे.

२. राबासाठी पर्याय : तरव्यासाठी टहाळ तोडल्याने झाडे खुरटतात. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून वापरावा आणि रोपे गादीवाफ्यावर करावीत.

३. वणव्यास प्रतिबंध : उन्हाळा सुरू होण्यापूर्वी गवताळ उतारावर जाळरेषा काढाव्यात. वणवा विझविण्यास कोणी कोठे जावयाचे, हे ग्रामसभेत आधीच ठरवावे.

४. ओढ्याकाठची झाडी : काजू लागवडीसाठी डोंगर सरसकट मोकळा करू नये. ओढ्याच्या दोन्ही काठांवरील व माथ्यावरील मूळची झाडे राखावीत आणि लागवड समपातळीत करावी.

५. देवराई : दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे–हेवाळे येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल देवराईमुळेच टिकली आणि आज तीही वारसा स्थळ आहे. आपल्या देवराईची सीमा मोजून नोंदवहीत लिहावी.

ही कामे मोठ्या पैशाची नव्हेत. समितीची बैठक ठरल्या दिवशी भरावी, तीत स्त्रियांचे म्हणणे ऐकले जावे आणि झालेला ठराव पाळला जावा, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. चैत्र-वैशाखात जेव्हा इतर ठिकाणच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा राखलेल्या वनाखालील झरा वाहताना दिसेल, आणि त्याच पाण्यावर पुढच्या हंगामाचा तरवा उभा राहील.