जावातले थ्रेड: कोण कोणाची वाट बघतंय?

मागच्या व्याख्यानात आपण थ्रेड सुरू करायला शिकलो. आज दोन प्रश्न घेऊ. समोर चाललेला थ्रेड नेमका कोणता, हे कसं ओळखायचं? आणि थ्रेडनी एकमेकांसाठी थांबायचं कसं?

आधी ओळख. आपण नाव दिलं नाही तर जावा स्वतःच 'थ्रेड-०', 'थ्रेड-१' अशी नावं लावत जाते. पूल वापरला की 'पूल-१-थ्रेड-१'. आत्ता ही ओळ कोण चालवतंय, हे 'करंट थ्रेड' ही मेथड सांगते. 'रन'च्या आत ते नाव छापून बघा. 'मेन' असं आलं तर समजा, आपण 'स्टार्ट'ऐवजी थेट 'रन'ला बोलावलंय आणि नवा थ्रेड जन्मालाच आलेला नाही. उत्तर बरोबर येतं, म्हणून ही चूक फार काळ लपून राहते.

नावाशिवाय प्रत्येकाला क्रमांकही असतो. पण थ्रेड संपला की तोच क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, तेव्हा जुन्या लॉगमध्ये त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता थांबणं. दुसऱ्याचं काम संपेपर्यंत थांबायचं असेल तर 'जॉइन'. बरेच जण तिथे दोन सेकंदांचा 'स्लीप' टाकतात. आपल्या लॅपटॉपवर चालतं, आणि सर्व्हरवर लोड आला की अर्धवट निकाल हातात पडतो. 'स्लीप'मध्ये थ्रेड हातातलं लॉक सोडतही नाही. 'वेट' मात्र लॉक सोडून झोपतो. हा फरक वहीत लिहून ठेवा.

खरी गंमत 'वेट' आणि 'नोटिफाय'मध्ये आहे. आम्ही एकदा ऑर्डरची रांग लिहिली होती: एकाच ऑर्डरची जागा, एक थ्रेड भरणारा, दोन काढणारे. एका रात्री सगळं थंड पडलं. एरर नाही, सीपीयू शांत. 'जेस्टॅक' चालवून थ्रेड डंप घेतला. डेडलॉकचा उल्लेख नाही, कारण ते हत्यार लॉकांचं चक्र शोधतं आणि इथे लॉक तर मोकळंच होतं. तिघेही नुसते वाट बघत होते आणि तिघांची नावं 'पूल-२-थ्रेड' अशीच. भरणारा कोण, काढणारा कोण, काही कळेना. थ्रेड फॅक्टरीतून 'भरणारा', 'काढणारा-१', 'काढणारा-२' अशी नावं दिली. पुन्हा अडकल्यावर डंप वाचला, तेव्हा दिसलं की भरणारा आणि दोन्ही काढणारे एकाच लॉकवर झोपलेत.

झालं असं. रांग रिकामी म्हणून दोन्ही काढणारे झोपले होते. भरणाऱ्याने ऑर्डर टाकली, 'नोटिफाय' केलं, पहिला काढणारा उठला. त्याला लॉक मिळायच्या आत भरणारा पुढची ऑर्डर घेऊन आला, जागा नाही म्हणून तोही झोपला. पहिल्याने ऑर्डर काढली आणि 'नोटिफाय' केलं. आता उठायला हवा भरणारा. पण 'नोटिफाय'ला कोणाचं नाव सांगता येत नाही! ते झोपलेल्यांपैकी कोणालाही एकाला उठवतं. उठला दुसरा काढणारा. त्याने बघितलं, रांग रिकामी, परत झोपला. पहिलाही परत झोपला. भरणाऱ्याला उठवायला कोणी उरलंच नाही.

उपाय एका शब्दाचा: 'नोटिफाय ऑल'. सगळे उठतात, म्हणून 'वेट' नेहमी 'व्हाइल'मध्ये हवा, 'इफ'मध्ये नको. कारण लॉक मिळेपर्यंत दुसऱ्याने ऑर्डर उचललेली असू शकते. शिवाय जावात थ्रेड कोणी न उठवताही क्वचित जागा होतो.

जावा २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेडना तर आपण दिल्याशिवाय नावच नसतं, रिकामी स्ट्रिंग मिळते. ते वापरणार असाल तर बिल्डरमधून आधी नाव द्या.

हीच रांग जावा ५ पासून आयती मिळते, 'ब्लॉकिंग क्यू' नावाने. पुढच्या व्याख्यानात ती उघडून बघू. तोवर घरी 'नोटिफाय'वाली रांग लिहा आणि ती अडकते का बघा. लगेच अडकली नाही तर चालू ठेवून जेवून या.