खडक फक्त सुरुंगानेच फुटतो का?

खोल खाणीत किंवा बोगद्यात छत खाली आलं, की पहिला संशय सुरुंगावर जातो. ‘ब्लास्टिंगने खडक खिळखिळा झाला’ हे निदान अनेकदा अपुरं असतं.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात पिनावा गावाजवळ, ४२० मीटर खोलीवरच्या अखंड ग्रॅनाइटमध्ये, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याची कसोटी लागली. साडेतीन मीटर व्यासाचा गोल बोगदा एकही सुरुंग न लावता, ओळीने भोकं पाडून आणि दगड चिरून काढला. तरीही खोदकाम पुढे सरकेल तसे छतातून आणि तळातून दगडाचे पातळ पापुद्रे सुटत गेले. दोन्हीकडे पाचरीसारख्या खाचा पडल्या. बाजूच्या भिंती मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या.

छत आणि तळच का? कारण खडकावरचा दाब म्हणजे फक्त वरच्या थरांचं वजन, ही समजूतही चुकीची आहे. तिथे वजनामुळे आलेला उभा दाब जेमतेम ११ मेगापास्कल होता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११० किलो. आडवा दाब होता ६० मेगापास्कल! भूकवच बाजूंनीही आवळलेलं असतं. पोकळी काढली, की तिथला दगड जो भार वाहत होता तो काठच्या दगडावर येतो. आडवा भार पोकळीच्या वरून आणि खालून वळसा घेतो. तिथे ताण १७० मेगापास्कलच्या आसपास पोचला. प्रयोगशाळेत याच ग्रॅनाइटचे नमुने २०० मेगापास्कलच्याही पुढे तग धरत. बोगद्यात तो साधारण १२० लाच फुटू लागला. छोट्या नमुन्याची ताकद हीच डोंगराची ताकद धरणं म्हणूनच धोक्याचं.

‘दगड कठीण, म्हणजे काळजी नाही’ हे तर सर्वांत घातक. मऊ खडक हळूहळू आत सरकतो, दबतो, इशारा देतो. कठीण, ठिसूळ खडक ऊर्जा साठवतो आणि एकदम सोडतो. यालाच रॉकबर्स्ट म्हणतात. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तिथे नुसत्या वजनाचा दाबच ८० मेगापास्कलच्या घरात जातो. २००१ साली बंद होईपर्यंत या खाणींनी रॉकबर्स्ट सोसले. त्यांचे हादरे वर वस्तीतही जाणवत.

रॉकबोल्ट, म्हणजे खडकात बसवलेल्या सळया, वरचा डोंगर तोलून धरतात, असंही अनेकांना वाटतं. ते काम कुठल्याही सळईच्या आवाक्याबाहेरचं आहे. बोल्ट काठचा भेगाळलेला दगड एकत्र बांधतात. भार पेलतो तो खडकच.

सुरुंग निर्दोष आहे असं मुळीच नाही. काठच्या भोकांत दारू जास्त भरली तर भिंत नाहक भेगाळते. शिवाय प्रत्येक ब्लास्टनंतर पोकळी वाढते, भाराची नव्याने वाटणी होते आणि रॉकबर्स्टची शक्यता त्याच काळात सर्वाधिक असते. म्हणून ब्लास्टनंतर कामगारांना आत सोडण्याआधी थांबतात, ते केवळ धूर जावा म्हणून नव्हे. धूर निवळला तरी खडकातले हादरे ओसरेपर्यंत कुणालाही आत पाठवू नये.