पाठीला माती

बऱ्हाणपूरची माती कुस्तीच्या कामाची नाही. तापीकाठची ही काळी जमीन केळीला आणि कापसाला उत्तम, पण ओली झाली की पायाला चिकटते आणि सुकली की अशी ढेकळं धरते की त्यांवर आपटलेल्याचा खांदा आठवडाभर बोलत राहावा. म्हणून आखाड्याच्या हौद्यात बाहेरून आणलेली तांबडी माती असते. ती चाळून घेतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालतात. हळद खरचटल्यावर कामी येते, तेल-ताकानं माती मऊ राहते. एवढं करूनही ती रोज खोदावी लागते, कारण काल पन्नास वेळा पाठी आपटून ती दबलेली असते.

हे खोदण्याचं काम नव्या पोराकडं. मी ज्या आखाड्यात जाऊन बसत असे, तिथं आलेला एक पोरगा मोबाईलवर कुंग-फूच्या मारामाऱ्या बघून आला होता. बाप यंत्रमागावर रात्रपाळीला. पोराला उडत्या लाथा शिकायच्या होत्या, आणि उस्तादांनी हातात फावडं दिलं. तो नुसत्या दंडांनी माती उपसू लागला आणि थोड्याच वेळात तोंड उघडून धापा टाकू लागला. "तोंड बंद. नाकानं. कमरेतून उचल," एवढंच उस्ताद बोलले. मग फावडं हळू पडू लागलं, पण थांबेना. पोराला वाटत होतं, शिकवणी अजून सुरूच व्हायची आहे!

चीनमध्येही याहून वेगळं चालत नाही. तिथल्या नवशिक्याला मांड्या थरथरेपर्यंत घोडेस्वारासारखं गुडघे वाकवून उभं ठेवतात. लाथ फार पुढची गोष्ट. आणि देवाणघेवाणीचं म्हणाल, तर ब्रूस लीनं गामा पैलवानाच्या व्यायामाबद्दल वाचून आपल्याकडचे जोर आणि बैठका स्वतःच्या सरावात घेतल्या होत्या. गामा दतियाच्या दरबारानं पोसलेला, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातला म्हणायचा. पोराला हे सांगितल्यावर त्याचे जोर एकदम नीट पडू लागले. उस्तादांना हा उपाय फारसा रुचला नाही.

तरी एक फरक राहतोच. कुंग-फूचा पुष्कळसा सराव एकट्याचा असतो. ठरलेल्या हालचालींची मालिका हवेत घोटायची. हवा उलटा जोर करत नाही. इथं पहिल्या दिवसापासून मानेवर दुसऱ्याचा हात असतो. माझ्या मते मनाची खरी तालीम या हातापासून सुरू होते. एकांतात शांत राहणं सोपं आहे. कुणीतरी मान खाली दाबत असताना, कानाशी त्याचा श्वास घुमत असताना, घामानं पकड सुटत असताना शांत राहून दाखवावं.

खडाखडी बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. कपाळाला कपाळ, एक हात मानेवर, दुसरा मनगटाच्या शोधात, आणि दोघं जागच्या जागी घिरट्या घालताहेत. पायांकडं बघावं. ज्याची टाच उचलली गेली त्याचा भार पुढं आला. तो ढकलतोय, किंवा चिडलाय, बहुधा दोन्ही. धोबीपछाड याच भारावर लागते. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावर ओढून घट्ट धरायचा, गर्रकन पाठ फिरवायची, कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि वाकत त्याला डोक्यावरून पुढं टाकायचा. तो पुढं येत असेल तर अर्धं काम त्यानंच केलेलं असतं. येत नसेल, तर आपण आपली पाठ त्याला आयती दिली. तो मागून कब्जा घेतो आणि मग खाली जाणं आलंच.

त्या पोराची चूक दर वेळी हीच. डाव पाठ होता, पण दम नव्हता. जोडीदारानं मानेवर दोन थापा मारल्या की याचा चेहरा लाल व्हायचा आणि हा फिरायचा. "रुको. त्याला येऊ दे," उस्ताद काठावरून म्हणायचे, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, या गावात बोलतात तसं. पुढं एकदा तो खरंच थांबला. जोडीदारानं ढकललं, त्यानं एक पाऊल मागं घेतलं, आणखी एक घेतलं, आणि तिसऱ्याला कंबर आत घातली. जोडीदार मातीत चीत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उस्तादांनी दोघांना पुन्हा उभं केलं.

थांबण्याचीही हद्द असते म्हणा. 1910 साली लंडनमध्ये गामासमोर पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जवळजवळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. त्याला काय म्हणायचं, धीर की भीती? 1928 साली पतियाळात दोघं पुन्हा भिडले, तेव्हा मिनिटभरही लागलं नाही.

आता अडचण वेगळीच झाली आहे. मातीतली जुनी कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची; वाट बघणं हाही तिथं एक डावच. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. जो नुसता टाळत राहतो त्याला पंच समज देतात, मग तीस सेकंदांची मुदत देतात, आणि तेवढ्यात गुण नाही मिळवला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण बहाल. सरकारी स्पर्धा, क्रीडा कोट्यातली नोकरी, सगळं मॅटवर. मातीवर ज्याला धीर म्हणतात, मॅटवर तोच दोष ठरतो.

उस्तादांनी हौद्याशेजारच्या शेडमध्ये एक जुनी मॅट अंथरली आहे, कडांना चिकटपट्ट्या लावलेली. सकाळी माती, संध्याकाळी मॅट. ज्या पोराला थांबायला शिकवण्यात पावसाळा गेला, त्यालाच आता ते हातात घड्याळ घेऊन ओरडतात, "अरे, बघत काय बसलास? पट काढ!" पोरगा गोंधळतो. सकाळचं आठवायचं की संध्याकाळचं, असं त्यानं एकदा विचारलंही. उस्ताद म्हणाले, समोरच्याची टाच बघायला दोन्हीकडं सारखाच वेळ लागतो, आणि त्याला पुन्हा खाली वाकायला लावलं.